न आलेला वास

बूटवालीचं नाक नेमकं कधी गेलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डोळे जायला लागले की माणूस ठेचकाळतो, दात गेले की जेवण अडतं. नाक आपलं चोरपावलांनी जातं. नवरा वारल्यावर त्याचं बूटदुरुस्तीचं दुकान तिनं हाती घेतलं, तेव्हा पहिल्या वर्षी सोल चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याचं झाकण उघडलं की तिचं डोकं भणभणायचं. दुसऱ्या वर्षी भणभणेनासं झालं. सवय झाली, असं तिला वाटलं. मग एके दिवशी मागच्या खोलीत दूध करपलं, आणि फळीवर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, काहीतरी जळतंय हो."

"माहीत आहे. मुद्दाम ठेवलंय," ती म्हणाली, आणि शांतपणे उठून आत गेली. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पोटच्या मुलीलाही नाही. नवरा म्हणायचा, दुकानदारानं आपलं उणं गिऱ्हाइकाला दाखवू नये. आणि तसं तिचं अडतही नव्हतं काही. उलट लोकांचे बूट दिवसभर मांडीवर घ्यायचे, तर नाक नसलेलंच बरं. तिचं सगळं काम बोटांवर चाले. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, सोललाही आणि बुटालाही, आणि मग थांबायचं. दहा मिनिटं. नवशिके इथंच चुकतात. ओलं असतानाच दाबतात. ते आज चिकटल्यासारखं दिसतं आणि आठवड्यानं जबडा वासतं. बोटाची मागची बाजू टेकवून बघायची. बोटाला काही लागलं नाही, पण बोट उचलताना जरा ओढ लागली, की वेळ झाली. तिच्या हातचा सोल सुटत नाही, असं लोक म्हणत.

मुलगी एकुलती एक. अंगानं एवढीशी, चेहरा वाटोळा, म्हणून तिला सगळे बटण म्हणत. आणि बटणाची मैत्रीण म्हणजे पलीकडच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी. ती उंच, सडसडीत, वर्गात पाय बाकाबाहेर काढून बसणारी. तिचं नाव पडलं शिडी. दोघी रस्त्यानं निघाल्या की पानाफुलांचा गाडीवाला हटकून विचारायचा, "अरे, या शिडीला बटण कुणी शिवलं?" शिडी त्याला जीभ दाखवायची, आणि बटण तिच्या सावलीत चालायची.

शिडी धावायची. शाळेत तिच्यापुढं कुणी नव्हतं. तिच्यासाठी इस्त्रीवालीनं निळे कापडी बूट घेतले होते, आणि वर्षभरात त्यांचे सोल झिजले तेव्हा बूटवालीनं नवे सोल स्वतःच्या हातानं बसवून दिले होते.

दुकानाच्या वर लाकडी माळा होता. संध्याकाळी दोघी तिथं अभ्यासाला बसत. चढताना शिडीचं डोकं तुळईला रोज आपटायचं.

"आई गं!"

"मोजतेय हो मी," बूटवाली खालून मान वर न करता म्हणायची. "या महिन्यातलं अकरावं."

"मावशी, तुळई वर सरकवा ना."

"त्यापेक्षा तूच वाढायची थांब."

मग वरून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. त्या वर्षात बूटवालीला जर कुणी विचारलं असतं, की बाई, तुझं सुख कुठं आहे, तर तिनं बोटानं माळा दाखवला असता.

पुढं पुढं त्या वर कमी बसायला लागल्या. शाळा सुटल्यावर जुन्या पाण्याच्या टाकीकडे जायच्या. तिथं वरच्या वर्गातली चारपाच मुलंमुली जमत. बूटवालीला त्यात काही वावगं वाटलं नाही. वय होतं. सोल्युशनचा डबा मात्र लवकर संपायला लागला होता. "झाकण घट्ट लावत जा गं," ती बटणाला म्हणायची, "सगळं उडून जातंय." बटण म्हणायची, "हो आई." बटण जेवायची कमी झाली होती, डोळे लाल असायचे, विचारलं तर वसकन अंगावर यायची. पंधराव्या वर्षी कोण येत नाही?

मग एका दुपारी इस्त्रीवाली दुकानात आली. तिच्या हातात शिडीचा शाळेचा स्कार्फ होता, आणि तो चुरगळलेला होता. इस्त्रीवालीच्या हातात चुरगळलेला कपडा म्हणजे काहीतरी बिनसलं होतं खास.

"ताई, याचा जरा वास घेता?"

"का हो? काय झालं?"

"घ्या तरी. पाणी शिंपडून गरम इस्त्री टेकवली, की कपड्याच्या पोटातलं सगळं वर येतं. कुणाचा नवरा चोरून विड्या ओढतो ते त्याच्या बायकोआधी मला कळतं. हा वास मला आवडला नाही."

बूटवालीनं स्कार्फ घेतला. सांगून टाकायला हवं होतं, की बाई, मला वास येत नाही. दोन शब्दांचं काम. पण समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि इतक्या वर्षांची झाकली मूठ उघडणं जिवावर आलं. तिनं स्कार्फ नाकाशी नेला. श्वास आत घेतला. काहीच आलं नाही. मग तिनं जाणकारासारखी मान हलवली.

"माझ्या दुकानाचा वास आहे हा. सोल्युशनचा. तासन् तास वर बसतात दोघी, लागणारच की."

"एवढा? एका टोकाला तर फारच येतोय."

"सांडलं असेल. माझ्या बटणाच्या कपड्यांना काय अत्तराचा वास येतो? तुमच्याकडे येतात ना कपडे, बघा हुंगून."

गिऱ्हाइकं हसली. इस्त्रीवालीही हसली. तिचा जीव भांड्यात पडला होता, तो चेहऱ्यावर दिसला. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. तुमचं नाक रोज त्यातच असतं. मी आपली उगीच काहीबाही मनात आणत होते." आणि जाताना तिनं स्कार्फची घडी घातली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी शिडी गेली.

टाकीमागं भर दुपारी सगळी बसली होती. पहारेकरी ओरडत आला, पोरं उधळली. शिडी सगळ्यांच्या पुढं होती. ती नेहमीच पुढं असायची. रस्त्यापर्यंत आली आणि पडली. ठेच लागली असेल असं मागच्यांना वाटलं. डॉक्टर म्हणाले, तो सोल्युशनचा वास छातीत भरलेला असताना माणूस दचकून पळालं, तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. सोळा वर्षांचं, शर्यती जिंकणारं हृदय.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेनं बूटवालीला बोलावलं. बटण शेजारी उभी होती. मुख्याध्यापिका चष्मा पुसत म्हणाली, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, की वाण नाही पण गुण लागतो. यात ढवळ्या कोण, एवढंच मला बघायचंय. तुमची मुलगी तर लहानखुरी, गरीब दिसते."

बूटवालीनं मुलीकडे पाहिलं. शाळेतून काढतील, पोलीस येतील, पोरीच्या कपाळी कायमचा डाग बसेल, हे सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. ती म्हणाली, "मोठी ती होती."

यात खोटं काही नव्हतं. शिडी आठ महिन्यांनी मोठी होतीच. त्या तीन शब्दांवर सगळं ठरलं. थोरल्या, धीट, उंच मुलीनं गरीब मुलीला नादी लावलं, असं गावभर झालं. मेलेलं माणूस कैफियत द्यायला येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बूटवाली दुकान उघडत असताना बटण माळ्यावरून खाली आली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"डबा मी नेत होते, आई."

बूटवालीच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"टाकीकडची मुलं मला आधी बसू देत नव्हती. म्हणायची, बूटवालीची आली, हिला वास मारतो. एकदा त्यांतलाच एक म्हणाला, हा वास तर भारी आहे, आणतेस का थोडं? मग मी आणलं. मग ती मला बोलवायला लागली, आई. माझ्यासाठी जागा ठेवायची." ती रडत नव्हती, रडून संपलं होतं बहुतेक. "शिडी मला शिव्या घालायची. दोनदा डबा गटारात ओतला तिनं. मी ऐकलं नाही. म्हणाली, तुला एकटीला तिथं सोडणार नाही. नुसती बसायला यायची आधी. महिनाभर नुसतीच बसली. ती सगळी हसायची तिला. मीपण हसले, आई. मग तिनंही घेतलं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुधाच्या कॅनची झाकणं वाजवत गेलं.

"मी इस्त्रीकाकूंना सांगून येते," बटण उठत म्हणाली.

बूटवालीनं तिचा दंड धरला. इतका घट्ट, की वळ उठले. "कुठं जायचं नाही. गेलेली परत येणार आहे का? तू तेवढी उरलीस मला. शपथ घे. माझ्या गळ्याला हात लावून शपथ घे, की मी सोडवेपर्यंत यातला शब्द बाहेर काढणार नाहीस. काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

बाप नसलेल्या मुलीला याहून मोठी शपथ कोणती? बटणानं हात लावला. तो हात गार होता, आणि त्यानंतर तिनं आपण होऊन आईला कधी हात लावला नाही.

महिन्याभरानं इस्त्रीवाली आली. चार आठवड्यांत ती अर्धी झाली होती. तिच्या हातात बटणाचा गणवेश होता, इस्त्रीला टाकलेल्या कपड्यांत गेलेला, कडक इस्त्री केलेला. ती दाराशीच उभी राहिली.

"ताई, माझ्या पोरीनं तुमच्या पोरीला त्या वाटेला नेलं. मला तोंड दाखवायला जागा नाही. तिला माफ करा. ती तशी वाईट नव्हती हो."

बूटवालीच्या मांडीवर कुणाचा तरी काळा बूट होता. तिनं तो उगाच फिरवला. आत्ता बोललं पाहिजे, असं तिच्या मनात आलं, जसं स्कार्फच्या वेळी आलं होतं. मग तिच्या तोंडून शब्द निघाले, "जाऊ द्या, ताई. झालं ते झालं."

माफी मागणारीला तिनं माफ केलं.

बटण शाळा सोडेपर्यंत दर सोमवारी सकाळी तो गणवेश इस्त्री होऊन दाराच्या कडीला लटकत राहिला. सांगून बघितलं, नको म्हणून बघितलं; इस्त्रीवाली ऐकायची नाही. "तेवढं करू द्या मला," म्हणायची. बटण तो गणवेश अंगात घालताना डोळे मिटून घ्यायची. ती टाकीकडं पुन्हा गेली नाही. शाळा संपताच दूरच्या गावी गेली, शिकली, आणि तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा यायची, दोन दिवस राहायची, कोपऱ्यावरून न जाता मागच्या गल्लीनं यायची. बाकी दर रविवारी फोन. तब्येत, पाणी, भाजीचा भाव. आणि फोन ठेवताना एकच प्रश्न.

"सांगितलंस?"

"सांगेन."

अशी सव्वीस वर्षं गेली. इतकी वर्षं 'सांगेन' म्हणत काढता येतात, हे सुरुवातीला कुणी बूटवालीला सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. दोघी म्हाताऱ्या झाल्या. समोरासमोर आल्या की गुडघ्यांची चौकशी करायच्या. लोक तर त्यांना मैत्रिणी समजायला लागले होते.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी इस्त्रीवाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दुकानात आली. फळीवर बसली, दम खाल्ला.

"कोपरा सोडतेय मी, ताई. हात चालत नाही. भाच्याकडं जाऊन राहणार आहे. आवरता आवरता हे निघालं. सोल सुटलेत. नेण्याआधी चिकटवून द्याल?"

निळे कापडी बूट. रंग उडून राखेसारखे झालेले. सोल दोन्ही निघाले होते, आणि त्यांच्या पाठीवर सोल्युशनचा जुना थर पिवळा, ठिसूळ होऊन सुटत होता. बूटवालीचंच काम होतं ते. तिच्या हातचं सुटत नाही म्हणायचे लोक.

तिनं जुना थर खरवडला. ब्रशनं नवं सोल्युशन लावलं, दोन्ही सोलना, दोन्ही बुटांना. चारी तुकडे फळीवर मांडले.

"आता दहा मिनिटं," ती म्हणाली.

"बसते की. मला कुठं जायचंय? इथं बसलं की तिचं डोकं आपटल्यासारखं वाटतं अजून."

इस्त्रीवाली वर तुळईकडे बघत होती. बूटवालीनं आपल्या हातांकडे पाहिलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. एवढंही निमित्त उरलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "डबा माझ्या दुकानातून जात होता. माझी नेत होती. तुमचीनं दोनदा गटारात ओतला. माझीला एकटीला सोडायचं नाही, म्हणून ती तिथं जाऊन बसायची. महिनाभर तिनं हातसुद्धा लावला नव्हता."

इस्त्रीवालीची मान तुळईवरून खाली आली. फार हळू आली.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या पोरीनं. चौथ्या दिवशी. ती तुमच्याकडे यायला निघाली होती. मी गळ्याची शपथ घालून बसवली."

"चौथ्या दिवशी," इस्त्रीवाली म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मी माफी मागायला आले तेव्हा..."

"तेव्हा मला सगळं ठाऊक होतं."

एक माशी सोल्युशनच्या जवळ जाऊन परत फिरली.

"आणखी एक आहे," बूटवाली म्हणाली. आता थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "तुम्ही स्कार्फ घेऊन आला होतात. मी तो हुंगला नाही. म्हणजे हुंगला, पण मला वास येत नाही. त्याच्याआधीच चार वर्षं गेलं होतं माझं नाक. लाजेनं बोलले नाही. तोंडाला येईल ते सांगितलं तुम्हाला."

इस्त्रीवाली ओरडेल, असं तिला वाटलं होतं. सव्वीस वर्षं रोज रात्री तिनं ते ओरडणं मनातल्या मनात ऐकलं होतं, त्याला उत्तरं तयार केली होती. पण इस्त्रीवाली ओरडली नाही. ती नुसती बसून राहिली आणि तिची भाजल्याच्या डागांची बोटं मांडीवरच्या कापडाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली, पुन्हा घालत राहिली.

"मला आला होता," ती अखेर म्हणाली. "मला आला होता वास."

 सवयीनं बूटवालीचं बोट पुढं झालं आणि सोलला टेकलं. ओढ लागली.

"चिकटेल आता," ती म्हणाली.

"राहू द्या."

इस्त्रीवालीनं चारी तुकडे उचलले. सोल्युशन एकमेकांना लागू नये म्हणून प्रत्येक तुकडा कापडाच्या वेगळ्या पदरात गुंडाळला, अगदी नीट, आणि काठी टेकत निघून गेली. मागं वळली नाही.

बूटवालीनं रविवारची वाट बघितली नाही. फोन लावला.

"सांगितलं," ती म्हणाली. "सगळं. शपथ सोडवली मी."

 बटण म्हणाली, "येते मी." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस आली. बूटवाली दुकानाच्या दारात उभी होती. तिला मुलगी दिसली. बेचाळिशीला टेकलेली, केस पिकायला लागलेली, अजून तेवढीशीच. ती मागच्या गल्लीनं आली नाही. सरळ रस्त्यानं आली, दुकानासमोर आली, आईकडे पाहिलं आणि पुढं गेली. कोपऱ्यावरच्या खोलीपाशी थांबली. दार वाजवलं. दार उघडायला वेळ लागला. मग उघडलं, ती आत गेली, आणि दार मिटलं.

बूटवाली एक चप्पल हातात घेऊन बसली. टाका घातला, उसवला, परत घातला. त्या मिटल्या दाराआड तिला जागा नव्हती, आणि ती का नव्हती हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तासाभरानं बटण आली. तिचा चेहरा सुजला होता.

"काय म्हणाली?"

"काही नाही." बटण फळीवर बसली, बरोबर इस्त्रीवाली बसली होती त्या जागी. "मी बोलत होते. ती ऐकत होती. मग म्हणाली, स्कार्फ चुरगळलाय तुझा, दे इकडे. मी काढून दिला. तिनं तो नाकाशी धरला, आई. कितीतरी वेळ. मग सगळं सामान बांधलेलं होतं त्यातून इस्त्री बाहेर काढली, तापवली."

"आणि?"

"आणि परत दिला. उद्या सकाळी जातेय ती. माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. तुझ्याशी नाही बोलणार."

बूटवालीनं मान डोलावली. बटणानं हातातला स्कार्फ दोघींच्या मधे ठेवला. चार घड्यांत, कडा कडांना लागलेल्या. बूटवालीनं तो उचलला आणि नाकाशी नेला. खोल श्वास घेतला, एकदा, दोनदा.

काहीच आलं नाही. पण कापड अजून कोमट होतं, आणि तेवढं तिला गालाला कळलं.